संसद मानवी हक्कांसाठी नेमकं करते काय? खानापूरच्या बाईंना उत्तर

बाई, तुमचा प्रश्न मिळाला. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मराठी शाळेत १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनी, नववी-दहावीच्या मुलांची अभिरूप संसद भरवायची आहे. तयारी चालली असताना एका मुलानं विचारलं की दिल्लीतली संसद जगाच्या मानवी हक्कांसाठी काय करते, तो दिवस पाळते म्हणजे काय करते, आणि तिथं टाळ्या वाजल्या तर आपल्या गावात काय बदलतं. तुम्ही त्याला 'उद्या सांगते' म्हणालात आणि तो उद्या माझ्याकडे पाठवलात. मी बेळगावच्या कोर्टात ३२ वर्षं वकिली करतोय. त्यातली निम्मी विडी कामगार, भाषिक अल्पसंख्याक, मानवी हक्क आयोग अशा फायलींत गेली, जिथं फी कमी आणि हेलपाटे जास्त. तेव्हा उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मुलांना तारखेपासून सांगा. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. बाजूनं ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं की आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, दिल्लीत आपल्या संविधान सभेत मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येण्याच्या कलमावर चर्चा झाली. आजचं कलम ३२ ते हेच. हे कलम म्हणजे संविधानाचा आत्मा आणि हृदय, असं बाबासाहेब त्या चर्चेत म्हणाले. पॅरिसनं जाहीर केलं, दिल्लीनं कोर्टाचं दार ठेवलं. जाहीरनाम्यावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही, कलम ३२ वर येतं. हा फरक मुलांना कळला तर निम्मं उत्तर झालं.

या दोन्ही ठिकाणी काम केलेली एक बाई होती, हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात मसुदा 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा चालला होता, तो त्यांनी आग्रह धरून 'सर्व माणसं' असा करून घेतला. संविधान सभेत त्या मुंबई प्रांतातून होत्या, आणि बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. म्हणजे त्या आपल्याच प्रांताच्या. हे वाक्य वर्गात एखाद्या मुलीला वाचायला द्या.

आता दिवस पाळण्याचं. खरं सांगायचं तर १० डिसेंबरला भारतीय संसदेचा असा मोठा ठरलेला सोहळा नसतो. त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम दिल्लीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोग करतो. संसदेचं हिवाळी अधिवेशन बहुधा त्या सुमारास चालू असतं, पण तिचं स्मरण वेगळ्या रीतीचं आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अधिवेशन असलं की लोकसभेत अध्यक्ष हिरोशिमा-नागासाकीवरच्या अणुबॉम्बचा उल्लेख करतात आणि सभागृह उभं राहून मौन पाळतं. दुसऱ्या देशातल्या, आपल्या एकाही मतदाराशी नातं नसलेल्या मृतांसाठी खासदार उभे राहतात. १३ डिसेंबरला २००१ च्या हल्ल्यात गेलेल्यांना संसदेत आदरांजली असते. २६ नोव्हेंबर २०१५ पासून संविधान दिन म्हणून पाळला जातो. बाहेर बघायचं तर युरोपीय संसद १९८८ पासून मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्यांना साखारोव्ह पुरस्कार देते, आणि त्याचा समारंभ स्ट्रासबर्गला डिसेंबरमध्येच, मानवी हक्क दिनाच्या आसपास ठेवते. पहिल्याच वर्षी तो नेल्सन मंडेलांना जाहीर झाला, तेव्हा मंडेला तुरुंगात होते.

उभं राहून गप्प राहण्याला मुलं हसतील. त्यांना विचारा, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी १७ जानेवारीला हुतात्मा चौकात आपली माणसं काय करतात? १ जूनला हिंडलग्याला काय करतात? आम्ही सीमाभागातले लोक दिवस पाळण्यात कुणाला हार जाणार नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिनी, तर एकाच शहरात कुणाचा राज्योत्सव असतो आणि कुणाचा काळा दिवस. दिवस पाळला की प्रश्न संपत नाही हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? पण न पाळला तर पुढच्या पिढीला प्रश्न होता हेही कळत नाही. म्हणून त्या दोन मिनिटांच्या मौनाला मी फुकट म्हणत नाही. मात्र त्या दोन मिनिटांनंतर सभागृहाच्या पटलावर काय ठेवलं जातं, माझं सगळं लक्ष तिकडे असतं.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण वकिलीला नवी आलेली पोरंसुद्धा हे चुकतात. आंतरराष्ट्रीय करारावर सही संसद करत नाही, सरकार करतं. अनुमोदनही सरकारच देतं. संसदेचं काम त्यानंतर सुरू होतं: संविधानाच्या कलम २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा. संसदेनं तो केला नाही तर करार जिनिव्हाच्या कपाटात राहतो आणि आम्ही कोर्टात 'मायलॉर्ड, भारतानं सही केलेली आहे' म्हणत बसतो.

कधी कपाट लवकर उघडतं, कधी उघडतच नाही. अपंगांच्या हक्कांचा करार भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला अनुमोदित केला, संसदेचा कायदा २०१६ ला आला. नऊ वर्षं लागली, पण जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले. ज्या घरात थॅलेसेमियाचं मूल आहे त्या घराला विचारा या आकड्याचा अर्थ. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं १९९७ ला विशाखा निकालात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले, संसदेनं कायदा केला २०१३ ला. सोळा वर्षं न्यायालयानं संसदेचं काम उसनं चालवलं. आणि सरकारी हातून होणाऱ्या छळाविरुद्धचा करार? भारतानं ऑक्टोबर १९९७ ला सही केली. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, राज्यसभेनं ते प्रवर समितीकडे दिलं, आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसं ते बुडालं. अनुमोदन अजून झालेलं नाही. पोलीस कोठडीत मार खाल्लेल्या माणसाची फाईल हातात घेतली की मला हे बुडालेलं विधेयक आठवतं.

एखादा एकटा खासदारही काम सुरू करू शकतो, हे मुलांना सांगायला सौंदत्तीचं उदाहरण घ्या. यल्लम्माच्या डोंगरावर बाईच्या वेशातले तिचे भक्त, जोगप्पा, तुमच्या मुलांनी पाहिलेले असतात, बहुतेकांनी त्यांना हसूनही घेतलेलं असतं. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक तमिळनाडूचे खासदार तिरुची शिवा यांनी खासगी सदस्य, म्हणजे मंत्री नसलेला खासदार, म्हणून आणलं आणि २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेनं ते मंजूर केलं. खासगी विधेयक एखाद्या सभागृहानं मंजूर करण्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. पुढे लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१९ ला सरकारनं स्वतःचा कायदा आणला, ज्यावर त्याच समाजातून बरीच टीका झाली. तरी शुक्रवारच्या दुपारी, निम्मं सभागृह गावाकडच्या गाडीची वेळ बघत असताना, एका माणसानं दार ढकललं हे खरं.

पण संसद ही मानवी हक्कांची कायमची मैत्रीण, असं मुलांना शिकवू नका. बॅरिस्टर नाथ पै आपल्या भागाला परके नाहीत; शहापुरात त्यांच्या नावाचा चौक आहे, आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी शेवटचा श्वास बेळगावातच घेतला. राजापूरचे ते खासदार. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मूलभूत हक्क काढून घेण्याचा अधिकार संसदेला नाही. त्यावर संसदेला तो अधिकार हवा, असं विधेयक आणलं ते नाथ पैंनी. हक्कांवर प्रेम करणारा समाजवादी माणूस, आणि विधेयक असं! त्यांचं म्हणणं असं की शेवटचा शब्द लोकांनी निवडून दिलेल्यांचा हवा. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही. ते गेले त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीनं संसदेनं तो अधिकार घेतला, १९७३ ला केशवानंद निकालानं त्याला संविधानाची मूळ चौकट मोडता येणार नाही असं कुंपण घातलं, आणि १९७५ ला आणीबाणी आली. नाथ पै बरोबर की न्यायालय बरोबर, यावर तुमच्या मुलांना भांडू द्या. मी स्वतः अर्धं आयुष्य या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला काढलंय.

आता पटलावरच्या कागदाकडे येतो. १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा म्हणजे संसदेनं या बाबतीत केलेलं सगळ्यात मोठं काम. त्यानं राष्ट्रीय आयोग आला, राज्य आयोगांची सोय झाली, जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद आली. आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान आणि गृहमंत्री असतात, त्यांच्यासोबत लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेचे उपसभापती आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते. या कायद्यातली मानवी हक्कांची व्याख्या बघा: जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांचे हक्क, जे संविधानात आहेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत 'आणि भारतातल्या न्यायालयांत अमलात आणता येतात'. शेवटचे हे पाच-सहा शब्द पहारेकऱ्यासारखे उभे आहेत. ते आंतरराष्ट्रीय करार म्हणजे १६ डिसेंबर १९६६ चे दोन, एक नागरी-राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक-सामाजिक. भारत त्यांत १९७९ ला सामील झाला. पहिल्याचं कलम २७ आपल्या कामाचं आहे: जिथं भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं त्यांना आपल्या लोकांसोबत आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही.

याच कायद्याच्या कलम २० नुसार आयोगाचा वार्षिक अहवाल सरकारनं संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा, सोबत शिफारशींवर काय केलं त्याचं निवेदन, आणि शिफारस मानली नसेल तर का मानली नाही याची कारणं. आयोग हुकूम देत नाही, शिफारस करतो. त्यामुळे 'का मानली नाही' हे लेखी सांगायला लावणं हाच त्याचा दात. पण अहवाल जुना होऊन आला आणि कुणी त्यावर प्रश्नच विचारला नाही, तर दात कवळीचा.

भाषेच्या बाबतीत तर असाच कागद १९५६ पासून ठरलेला आहे. राज्य पुनर्रचनेबरोबर संसदेनं सातवी घटनादुरुस्ती केली, तीत कलम ३५०-अ आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचं, आणि ३५०-ब, भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं. या आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपती संसदेपुढे ठेववतात. त्यांचं एक विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावातच होतं. प्राथमिक शाळेत वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर मातृभाषेतून शिकवायची सोय, तालुक्यात किंवा पालिकेत १५ टक्के लोक त्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही, हे आकडे या सगळ्या व्यवस्थेत पुन्हा पुन्हा येतात. तुमच्याकडे नववीला येणारी मुलं या १० आणि ४० च्या हिशेबातूनच पुढे आलेली असतात.

एक प्रसंग सांगतो. वकिलीची सुरुवातीची वर्षं. निपाणीकडची एक विडी कामगार बाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्त्याची कातरण अजून चिकटलेली, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी. हातात एका कचेरीची कानडी नोटीस, चार घड्या घातलेली. 'वकीलसाहेब, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा की ओ.' मी वाचून दाखवली. तिच्या घरासंबंधी हरकत घ्यायची मुदत होती, आणि ती संपून अकरा दिवस झाले होते. ती म्हणाली, 'मला वाटलं, सरकारी कागद आलाय म्हंजे कायतरी मंजूर झालं.' तो कागद तिनं देवामागे ठेवला होता. मुदत माफ करून घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

त्याच बाईनं पुढे मला विडीचं शिकवलं. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून कंत्राटदार छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून काही विड्या बाजूला काढणार, छाट काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, पण विड्या ठेवून घेणार. १९६६ साली, त्या दोन आंतरराष्ट्रीय करारांच्याच वर्षी, संसदेनं विडी-सिगार कामगारांचा कायदा केला होता. घरी बसून विड्या वळणारीलाही त्यानं कामगार मानलं, आणि त्याखालच्या राज्याच्या नियमांनी छाटीला मर्यादा घातली. १९७६ ला कल्याण निधीचा कायदा आला. पहिला कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत सामावलाय. ती बाई 'मानवी हक्क' हा शब्द कधी बोलली नाही. ती विडी कामगाराच्या कार्डाला 'ओळखपत्र' म्हणायची. तिच्या लेखी संसद म्हणजे ते ओळखपत्र.

माझी एक चूकही सांगतो, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. एका प्रकरणात जोरात काम करायच्या हौसेनं मी एकाच दिवशी तक्रार राज्य आयोगाकडेही टाकली आणि दिल्लीलाही. कायद्याच्या कलम ३६ नुसार राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या बाबीची चौकशी राष्ट्रीय आयोग करत नाही. दिल्लीहून तसं पत्र आलं, पक्षकाराला वाटलं दिल्लीनंच आपल्याला खोटं ठरवलं, आणि तो माणूस पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याच कलमात दुसरी अट आहे, घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग हात लावत नाही. मराठीतून तक्रार चालते, आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, फी नाही. म्हणजे आमच्याकडे यायच्या आधीच माणूस पोस्टात जाऊ शकतो, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी सांगतो.

संसदेपर्यंत जायचं तर आधी आपला खासदार कोण ते माहीत हवं. मुलांना विचारा, निम्मी चुकतील. खानापूर विधानसभा मतदारसंघ बेळगाव लोकसभेत नाही, उत्तर कन्नड लोकसभेत आहे, म्हणजे कारवारच्या बाजूला. निपाणी चिक्कोडीत. बेळगाव शहर बेळगावात. पन्नास-साठ मैलांत आपली मराठी वस्ती तीन खासदारांत वाटलेली, त्यामुळे एकाला पत्र लिहून भागत नाही. खासदार लेखी प्रश्न विचारू शकतो: तारांकित असेल तर मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित असेल तर छापील उत्तर. किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि लोकसभेत दिवसाला २० च तारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीनं. नागरिक स्वतः लोकसभेत याचिका देऊ शकतो, कुणा खासदाराच्या प्रतिस्वाक्षरीनं. ती मराठीत लिहिता येते. सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडायचं.

तर तुमच्या अभिरूप संसदेत भाषणं कमी ठेवा. त्याच सुमारास बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन बहुधा चालू असतं, भाषणं मुलांना तिकडची ऐकू येतील. तुम्ही एका मुलाला लोकसभा अध्यक्ष करा, एकीला प्रश्न विचारायला लावा: 'भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा, तो पटलावर कधी ठेवला, आणि त्यातल्या किती शिफारशी मानल्या?' मंत्री झालेल्या मुलाला उत्तर येणार नाही. तेव्हा खऱ्या मंत्र्यांचं ठरलेलं वाक्य त्याला पाठ करून द्या: 'माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' सगळे हसतील, हसू द्या. खऱ्या संसदेत हे वाक्य उच्चारलं की ते आश्वासन ठरतं. शासकीय आश्वासन समिती ते वहीत टिपून घेते आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तुम्हीही वर्गातल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलीच्या हातात वही द्या आणि तिला आश्वासन समिती करा. मुदत १० मार्च. फक्त ती नववीतली निवडा, दहावीची मुलं तेव्हा परीक्षेच्या घाईत असतील.